ॲक्सेसिबल दस्तऐवज कसा तयार करावा: मूळ फाईलपासून पीडीएफपर्यंत

ॲक्सेसिबल दस्तऐवज म्हणजे अंध आणि अल्पदृष्टी वाचकांनाही वापरता येईल असा दस्तऐवज. स्क्रीन रीडर हा पडद्यावरचा मजकूर अशा वाचकाला मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. त्याला पान दिसत नाही. तो फाईलमध्ये नोंदलेली रचना वाचतो. मधोमध, ठळक आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेली ओळ डोळ्यांना शीर्षक वाटते. पण तिला हेडिंगची स्टाइल दिलेली नसेल, तर एनव्हीडीए, जॉज, व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक यांसारख्या स्क्रीन रीडरच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ. मग चाळीस पानी अहवालातला ‘निष्कर्ष’ शोधायला अंध वाचकाला पहिल्या पानापासून ऐकत बसावं लागतं. डोळस वाचक नजर फिरवून जे करतो, ते स्क्रीन रीडर वापरणारा ‘एच’ ही कळ दाबत करतो, आणि ती कळ फक्त खऱ्या हेडिंगवर थांबते.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका: दुरुस्ती मूळ फाईलमध्ये करायची, पीडीएफमध्ये नाही. वर्डमध्ये दोन सेकंदांत लागणारी हेडिंग स्टाइल पीडीएफ झाल्यावर टॅग (रचना सांगणारी अदृश्य खूण) एकेक करून लावावी लागते, आणि मूळ मजकुरात एक शब्द बदलून पीडीएफ पुन्हा काढली की ती सगळी मेहनत वाया जाते. खाली मुख्यतः मायक्रोसॉफ्ट वर्डच्या पायऱ्या दिल्या आहेत. लिबरऑफिस आणि गुगल डॉक्समध्ये तत्त्वं तीच आहेत, मेनू थोडे वेगळे.

आधी अक्षरं तपासा

मराठी दस्तऐवजाची पहिली अडचण हेडिंगची नसते, फॉन्टची असते. कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरून टाइप केलेल्या मजकुरात प्रत्यक्षात देवनागरी अक्षरं नसतातच. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फाईलमध्ये इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप चढवतो. स्क्रीन रीडर रूप वाचत नाही. तो ती पाच इंग्रजी अक्षरं वाचतो, आणि अख्खा दस्तऐवज निरर्थक गोंगाट होतो. अशा फाईलला हेडिंग, पर्यायी मजकूर (चित्राचं लेखी वर्णन), काहीही लावून उपयोग नाही.

तपासायला सोपं आहे. दोन ओळी निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत आहे. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर आधी कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) वापरून रूपांतर करा.

रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. चुका ठरावीक ठिकाणी होतात: रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’, ‘श्र’, ‘द्ध’सारखी जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि आकडे. शिवाय मूळ मजकुरात मध्येमध्ये खरे इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते किंवा वेबसाइटचे दुवे असतील, तर कन्व्हर्टर त्यांनाही देवनागरी समजून बदलतो. असे तुकडे आधीच बाजूला काढून ठेवा आणि रूपांतरानंतर जागच्या जागी बसवा. नवा मजकूर टाइप करताना इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक यांपैकी कोणताही युनिकोड कळफलक चालतो. फॉन्ट निर्मला, मंगल, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता यांतला कोणताही घ्या.

मजकुराची भाषा सांगा

कोणता मजकूर कोणत्या भाषेतला आहे, ही नोंद फाईलमध्ये असते आणि त्यावरून स्क्रीन रीडर आवाज निवडू शकतो. मराठी मजकुरावर ‘इंग्रजी’ अशी नोंद राहिली, तर काही आवाज तो मजकूर गाळून पुढे जातात, काही भलतेच उच्चार करतात. ‘हिंदी’ अशी नोंद राहिली तर चूक पटकन लक्षात येत नाही, कारण शब्द बहुतांशी कळतात. पण २५ हा आकडा ‘पच्चीस’ असा ऐकू येतो आणि ‘चमचा’तला च हिंदी वळणाने उच्चारला जातो.

वर्डमध्ये कर्सर मजकुरात ठेवला की खालच्या पट्टीवर तिथली भाषा दिसते. ती मराठी नसेल तर:

१. कंट्रोल + ए दाबून सगळा मजकूर निवडा.
२. रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, त्यात सेट प्रूफिंग लँग्वेज उघडा.
३. यादीतून मराठी निवडून ओके करा.
४. मजकुरात इंग्रजी परिच्छेद असतील तर तेवढेच निवडून त्यांना इंग्रजी भाषा द्या. एखाददुसऱ्या इंग्रजी शब्दासाठी एवढी खटपट नको. अख्खं वाक्य किंवा उतारा असेल तरच.

इतर फाईलमधून पेस्ट केलेला मजकूर आपली जुनी भाषा सोबत घेऊन येतो. त्यामुळे हे काम लिहून झाल्यावर, शेवटी एकदा करावं.

हेडिंग आणि स्टाइल

वेळ फार कमी असेल आणि एकच सुधारणा करणं शक्य असेल, तर ही करा.

ओळीवर कर्सर ठेवा आणि होम टॅबमधल्या स्टाइल्समधून हेडिंग १, २ किंवा ३ निवडा. शॉर्टकट आहे कंट्रोल + आल्ट + १, २, ३. गुगल डॉक्समध्येही तोच, लिबरऑफिसमध्ये कंट्रोल + १, २, ३. देवनागरी कळफलक चालू असताना शॉर्टकट दाद देत नसेल तर कळफलक इंग्रजीवर आणून पाहा.

दस्तऐवजाच्या नावाला हेडिंग १, प्रकरणांना हेडिंग २, त्यांतल्या उपविभागांना हेडिंग ३, अशी उतरंड ठेवा. पातळी गाळू नका. हेडिंग २ नंतर थेट हेडिंग ४ आलं, की ऐकणाऱ्याला मधला एखादा विभाग आपल्याकडून सुटला असं वाटतं आणि तो मागे जाऊन शोधू लागतो. ‘हेडिंग ३ दिसायला छान आहे’ म्हणून ते निवडायचं नाही. रूप आवडलं नसेल तर स्टाइलवर राइट क्लिक करून मॉडिफाय करा.

इथे देवनागरीची एक गंमत आहे आणि नवीन माणूस हमखास तिथे अडकतो. मॉडिफायमध्ये फॉन्ट आणि आकार बदलला तरी मराठी अक्षरं ढिम्म राहतात, फक्त इंग्रजी बदलतात. कारण वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा साठवतो. मॉडिफाय, मग फॉरमॅट, मग फॉन्ट असं जा. त्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा कप्पा दिसेल. बदल तिथे करा. हे माहीत नसलं की लोक वैतागून स्टाइल सोडतात आणि हाताने अक्षरं मोठी करतात, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हेडिंग लागली का ते पाहायला व्ह्यू टॅबमध्ये नेव्हिगेशन पेन चालू करा. डावीकडे जी रूपरेषा दिसते, साधारण तीच स्क्रीन रीडरला मिळते. रूपरेषेत एखादा रिकामा मुद्दा दिसला तर रिकाम्या ओळीला चुकून हेडिंग स्टाइल लागलेली आहे; ती साफ करा.

अनुक्रमणिका हाताने टिंबं देऊन लिहू नका. रेफरन्सेस टॅबमधून टेबल ऑफ कंटेन्ट्स टाका. ती हेडिंगवरूनच तयार होते आणि प्रत्येक नोंद दुवा बनते.

रिकाम्या जागा, याद्या, दुवे

मजकूर पुढच्या पानावर ढकलायला आठ वेळा एंटर दाबलं, की ऐकणाऱ्याला आठ वेळा ‘ब्लँक’ ऐकू येतं. काही जण तेवढ्यावरून दस्तऐवज संपला असं समजून फाईल बंद करतात. नव्या पानासाठी कंट्रोल + एंटर, परिच्छेदांमधल्या अंतरासाठी पॅराग्राफच्या सेटिंगमधले बिफोर आणि आफ्टर. शीर्षक सजवायला ‘अ ह वा ल’ अशी अक्षरं सुटी करू नका. ती सुटीच वाचली जातात. फुल्यांच्या किंवा बरोबरच्या चिन्हांच्या ओळी ओढून विभाग वेगळे करू नका.

फॉर्ममध्ये भरायच्या जागी ओढलेली अंडरस्कोरची लांबलचक रेघ हा असाच प्रकार. भरणाऱ्याला ती रेघ ऐकावी लागते आणि टाइप करायला गेलं की ती पुढे सरकत जाते. त्याऐवजी डेव्हलपर टॅबमधून कंटेंट कंट्रोल, म्हणजे भरण्यासाठीची तयार जागा, टाका, किंवा दोन स्तंभांचा साधा तक्ता करा: डावीकडे ‘पूर्ण नाव’, उजवीकडे रिकामा चौकोन.

यादी करायची तर बुलेट किंवा क्रमांकाचं बटण वापरा. ओळीच्या सुरुवातीला हाताने टाकलेलं आडवं चिन्ह यादी बनवत नाही. खरी यादी असेल तर स्क्रीन रीडर आधीच ‘पाच मुद्द्यांची यादी’ अशा अर्थाचं सांगतो, आणि नको असेल तर ती ओलांडता येते.

दुव्याला अर्थ असलेलं नाव द्या. स्क्रीन रीडर पानावरचे सगळे दुवे एका यादीत काढून दाखवतो. त्या यादीत सात वेळा ‘येथे क्लिक करा’ असेल तर निवडायचं काय? शब्द निवडा, कंट्रोल + के दाबा, पत्ता चिकटवा: ‘प्रवेश अर्ज, पीडीएफ, २ एमबी’. छापील प्रतही निघणार असेल तर पूर्ण पत्ता शेवटी वेगळा द्या.

हेडर आणि फुटरमधला मजकूर बहुतेक स्क्रीन रीडर आपणहून वाचत नाहीत. अर्जाची शेवटची तारीख किंवा संपर्क फक्त तिथेच असेल तर तो बहुतेकांपर्यंत पोहोचणार नाही. मुख्य मजकुरातही लिहा. तारखाही शक्यतो ‘५ जून २०२५’ अशा लिहा. ‘०५/०६’ हे कुणी पाच जून ऐकेल, कुणी सहा मे.

चित्रं आणि पर्यायी मजकूर

चित्रावर राइट क्लिक करून व्ह्यू ऑल्ट टेक्स्ट निवडा. आवृत्तीनुसार त्याचं नाव एडिट ऑल्ट टेक्स्ट असू शकतं. गुगल डॉक्समध्ये कंट्रोल + आल्ट + वाय. मजकूर लिहायच्या आधी स्वतःला विचारा: हे चित्र काढून टाकलं तर वाचकाचं काय नुकसान होईल? जे नुकसान होईल, तेच लिहायचं.

काहीच नुकसान होत नसेल, म्हणजे नक्षी, किनार किंवा विभाजक रेघ असेल, तर मार्क ॲज डेकोरेटिव्ह या चौकटीत खूण करा. स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून जाईल.

साध्या चित्राला एक-दोन वाक्यं पुरतात. ‘चित्र’, ‘फोटो’ असं सुरुवातीला लिहू नका. ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतः सांगतो. मात्र नकाशा, आलेख, रेखाचित्र यांतला प्रकार सांगावा.

आलेखाचं उदाहरण घेऊ. दर महिन्याला किती अर्ज आले याचा स्तंभालेख आहे. ‘अर्जांचा आलेख’ हा पर्यायी मजकूर असून नसल्यासारखा. ‘निळ्या रंगाचे सहा स्तंभ, डावीकडून उजवीकडे उंच होत गेलेले’ हेही कामाचं नाही; रंग आणि उंची हे माध्यम झालं, माहिती नव्हे. चालेल असा मजकूर: ‘स्तंभालेख. जानेवारी ते जून दरमहा आलेले अर्ज. जानेवारीत १२०, जूनमध्ये ३१०. एप्रिल ते मे या काळात सर्वांत मोठी वाढ. सर्व आकडे खालील तक्त्यात.’ आणि मग खाली खरोखर तो तक्ता द्या. पर्यायी मजकुरात बारा आकडे कोंबले तर ते एका दमात वाचले जातात आणि वाचकाला मागे-पुढे करता येत नाही. तक्त्यात करता येतं.

वर्ड आपणहून पर्यायी मजकूर सुचवतं. तो तसाच ठेवू नका. ‘टेबलाभोवती बसलेली माणसं’ हे खरं असलं, तरी लेखात तो फोटो का आहे ते यंत्राला ठाऊक नसतं.

मजकूर असलेलं चित्र ही वेगळी डोकेदुखी. सूचनेचा फोटो किंवा पोस्टरची प्रतिमा फाईलमध्ये चिकटवली, की त्यातलं एक अक्षरही वाचलं जात नाही, शोधता येत नाही, आणि अल्पदृष्टी असलेल्याने मोठं केलं तर अक्षरं फाटतात. तो मजकूर टाइप करा. त्याला दुसरा इलाज नाही.

शेवटी जागा. चित्राच्या लेआउट ऑप्शन्समध्ये ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. मजकुरावर तरंगणारी चित्रं आणि टेक्स्ट बॉक्स वाचनाच्या क्रमात कुठेही येऊ शकतात किंवा सुटतात. महत्त्वाची सूचना चौकटीत हवी असेल तर टेक्स्ट बॉक्स नको. साध्या परिच्छेदाला बॉर्डर द्या.

तक्ते: जिथे सगळ्यात जास्त गडबड होते

तक्ता ऐकताना वाचकापुढे एका वेळी एकच चौकोन असतो. कंट्रोल + आल्ट आणि बाणाच्या कळा वापरून तो एका चौकोनातून दुसऱ्यात जातो, आणि स्तंभाचं शीर्षक नीट नोंदलेलं असेल तर त्याला ‘वेळ, ११ ते १’ असं ऐकू येतं. नोंदलेलं नसेल तर नुसतं ‘११ ते १’. कसलं, कुणाचं, त्याने लक्षात ठेवायचं.

आता परीक्षेचं नेहमीचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. डावीकडे ‘सोमवार’ हा एकच उभा चौकोन, त्यासमोर तीन विषयांच्या तीन ओळी. दिसायला नेटकं. ऐकताना मात्र पहिल्या ओळीत ‘सोमवार, मराठी, ८ ते १०’ आणि दुसऱ्या ओळीत ‘गणित, ११ ते १’. दिवस गायब. पुढे मंगळवारचा चौकोन दोन ओळींचा असला, की कोणती ओळ कोणत्या दिवसाची हे सांगता येत नाही. इलाज कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: चौकोन जोडू नका, तिन्ही ओळींत ‘सोमवार’ लिहा.

पायऱ्या:

१. इन्सर्ट, टेबल असं जाऊन तक्ता टाका. टॅब किंवा स्पेस देऊन रचलेला तक्ता, तक्ता नसतो.
२. पहिल्या ओळीत स्तंभांची शीर्षकं लिहा. एकही रिकामं ठेवू नका; अगदी ‘अनुक्रमांक’सुद्धा लिहा.
३. टेबल डिझाइन टॅबमध्ये हेडर रो या चौकटीत खूण आहे का पाहा.
४. कर्सर पहिल्या ओळीत ठेवून टेबल लेआउट टॅबमधलं रिपीट हेडर रोज दाबा. तक्ता एका पानाचा असला तरी दाबा, कारण पीडीएफमध्ये शीर्षकाचा टॅग यावरून लागतो.
५. टेबल प्रॉपर्टीजमध्ये रो या भागात जाऊन ओळ दोन पानांत तुटू देणारी खूण काढा.
६. रिकाम्या चौकोनांत ‘लागू नाही’ किंवा ‘नोंद नाही’ लिहा. रिकामा चौकोन ऐकला की माहिती नाही, की फाईल बिघडली, हे कळत नाही.

दुमजली शीर्षकांचा तक्ता असेल तर तो फोडून दोन तक्ते करा. वरिष्ठांना एका पानावर सगळं हवं असतं हे खरं, पण असा तक्ता डोळस माणसालाही बोट ठेवूनच वाचावा लागतो. आणि पानाची मांडणी करण्यासाठी, म्हणजे फोटो डावीकडे आणि मजकूर उजवीकडे बसवण्यासाठी, तक्ता वापरू नका. दोन स्तंभ हवेत तर लेआउट टॅबमधलं कॉलम्स आहे.

रंग आणि अक्षरं

वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीतली गुणोत्तरं दस्तऐवजालाही लावतात: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (फिक्या-गडदपणातला फरक) किमान ४.५ : १, आणि १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या, किंवा किमान १४ पॉइंट ठळक अक्षरांचा ३ : १. पांढऱ्या पानावर वर्डचा साधा लाल सुमारे ४ : १ भरतो, म्हणजे नापास, डार्क रेड सुमारे ६.५ : १, पास. वर्डचा ठरावीक हिरवा ३ लाही पोचत नाही, आणि पिवळ्याबद्दल बोलायलाच नको. कलर कॉन्ट्रास्ट ॲनलायझर हे मोफत साधन पडद्यावरचा कोणताही रंग उचलून गुणोत्तर सांगतं.

‘लाल रंगातील नावे अपात्र’ असं लिहू नका. लाल-हिरव्यात फरक न करू शकणारा, स्क्रीन रीडर वापरणारा आणि काळी-पांढरी प्रिंट काढणारा, तिघेही फसतात. ‘अपात्र’ हा शब्दच वेगळ्या स्तंभात द्या.

देवनागरीला १२ पॉइंट बऱ्याच फॉन्टमध्ये बारीक पडतो. १४ ठेवावा, ओळींतलं अंतर १.५. मजकूर डावीकडून सरळ ठेवा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये असमान पोकळ्या पडतात आणि डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) असलेल्यांना ओळ धरून ठेवणं अवघड जातं. अधोरेखन टाळा: रेघ नेमकी उकार आणि हलन्त यांच्यावरून जाते, आणि अल्पदृष्टीच्या वाचकाला ‘सुत’ की ‘सूत’ ते ओळखता येत नाही. जोर द्यायला ठळक पुरे. तिरपी अक्षरं देवनागरीत शोभतही नाहीत.

पीडीएफ काढताना

आधी फाईल, इन्फो इथे जाऊन टायटलमध्ये दस्तऐवजाचं खरं नाव लिहा. नाहीतर ‘फायनल-२-नवीन’ हे फाईलनाव किंवा कुठल्यातरी जुन्या फाईलचं टायटल वाचून दाखवलं जातं. मग:

१. फाईल, सेव्ह ॲज, प्रकार पीडीएफ.
२. ऑप्शन्स उघडा. डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी या चौकटीत खूण हवी. क्रिएट बुकमार्क्स युझिंग हेडिंग्ज हेही निवडा.
३. त्याच खिडकीत फॉन्ट पीडीएफमध्ये सामावून घेता (एम्बेड करता) येत नसेल तर मजकुराची बिटमॅप करणारा पर्याय असतो. त्याची खूण काढा. मजकुराचं चित्र नको.
४. सेव्ह करा.

प्रिंट आदेशातून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ कधीही वापरू नका. तो कागदावर छापल्यासारखी पीडीएफ काढतो आणि हेडिंग, पर्यायी मजकूर, तक्त्यांची शीर्षकं सगळी गळून पडू शकतात. मॅकवरच्या वर्डमध्ये सेव्ह करताना इलेक्ट्रॉनिक वितरण आणि ॲक्सेसिबिलिटीसाठीचा पर्याय निवडा. लिबरऑफिसमध्ये एक्सपोर्ट ॲज पीडीएफच्या खिडकीत युनिव्हर्सल ॲक्सेसिबिलिटी, पीडीएफ/यूए अशी चौकट आहे. पीडीएफ/यूए हा सुगम्य पीडीएफसाठी २०१२ साली आलेला आयएसओ १४२८९ मानक.

आता मराठीपुरती खास तपासणी. तयार पीडीएफमधून ‘विद्यार्थी’ हा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. त्यात ह्रस्व वेलांटी, जोडाक्षर आणि रफार तिन्ही आहेत. पीडीएफमध्ये अक्षरं नव्हे तर अक्षरांचे आकार, रेखाटण्याच्या क्रमाने साठवलेले असतात. वेलांटी व्यंजनाच्या आधी रेखाटली जाते, रफार नंतर, आणि ‘द्य’ हा एकच आकार असतो. या आकारांवरून परत युनिकोडकडे जायची नोंद कच्ची असेल, तर वेलांटी सुटून आधी येते आणि ‘द्य’च्या जागी काहीतरी भलतंच उमटतं. स्क्रीन रीडर तेच मोडकं वाचतो. पानावर सगळं सुंदर दिसत असल्याने हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त पीडीएफमध्ये शब्द शोधला की सापडत नाही, एवढीच कुरकूर ऐकू येते.

पेस्ट केलेला शब्द मोडका आला तर फॉन्ट बदलून पुन्हा काढा. नाही जमलं तर तीच फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममधून एक्सपोर्ट करून निकाल ताडून पाहा. तरीही मोडकाच येत असेल तर पीडीएफवर अडून बसू नका. तिच्याशेजारी वर्ड फाईल किंवा वेबपान द्या. मराठीसाठी अनेकदा तोच सगळ्यात सरळ मार्ग ठरतो.

टॅग आले का ते ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल + डी दाबून कळतं. टॅग्ड पीडीएफ समोर ‘यस’ हवं. ॲक्रोबॅट प्रो असेल तर तिथल्याच ॲडव्हान्स्ड भागात लँग्वेजमध्ये मराठी यादीत नसल्यास ‘एमआर’ हा संकेत लहान रोमन अक्षरांत टाइप करा. आणि पीडीएफला कुलूप लावणार असाल, तर मजकूर कॉपी करायला बंदी घालताना स्क्रीन रीडरला मजकूर मिळू देणारी वेगळी चौकट चालू ठेवा. ती बंद राहिली तर वरचं सगळं केलेलं पाण्यात जाऊ शकतं.

स्कॅन केलेली पानं

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. मूळ फाईल कुठे असेल तर तीच शोधून काढा. ओसीआरच्या, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या तंत्राच्या, नादी लागण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नसेलच तर ३०० डीपीआयला सरळ, तिरकं न ठेवता स्कॅन करा आणि ओसीआर चालवा. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं. गुगल ड्राइव्हमधली फाईल गुगल डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर निघतो. शिक्का किंवा सही मजकुरावर पडलेली असेल तिथे ओसीआर हमखास घसरतं. आकडे, नावं आणि तारखा मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय फाईल पुढे देऊ नका. निघालेल्या मजकुराला हेडिंग आणि तक्ते नव्याने लावावे लागतात, हे वेळेच्या हिशेबात धरा.

स्लाइड आणि शीट

पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडला वेगळं शीर्षक हवं आणि ते तयार लेआउटमधल्या शीर्षकाच्या चौकटीतच लिहायचं. वाचनाचा क्रम आल्ट + एफ१० दाबून उघडणाऱ्या सिलेक्शन पेनमध्ये दिसतो. तिथे यादी खालून वर वाचली जाते, हे लक्षात ठेवा, नाहीतर क्रम बरोबर उलटा लावून बसाल. एक्सेलमध्ये मजकूर ए१ चौकोनापासून सुरू करा, प्रत्येक शीटला नाव द्या, मध्ये रिकाम्या ओळी आणि जोडलेले चौकोन नकोत, आणि आकड्यांचा भाग निवडून कंट्रोल + टी ने त्याचं टेबल करा.

तपासणी

वर्डमध्ये रिव्ह्यू, चेक ॲक्सेसिबिलिटी. पीडीएफसाठी विंडोजवर पॅक हे मोफत साधन. दोन्ही उपयोगी, पण त्यांचं म्हणणं अंतिम धरू नका. गुलाबाच्या फोटोला ‘हत्ती’ असा पर्यायी मजकूर दिला तरी तपासनीस खूश असतो. वाचनाचा क्रम बरोबर आहे का हे ॲक्रोबॅटसुद्धा स्वतः ठरवत नाही, ‘हाताने तपासा’ म्हणतं.

म्हणून एनव्हीडीए उतरवून घ्या. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर मोफत आहे.

१. चालू झाल्यावर इन्सर्ट + कंट्रोल + एस दाबून ईस्पीक एनजी हा सिंथेसायझर (आवाज तयार करणारा प्रोग्रॅम) निवडा, मग इन्सर्ट + कंट्रोल + व्ही दाबून मराठी आवाज निवडा. आवाज यांत्रिक आहे, पण चुका पकडायला उत्तम.
२. दस्तऐवज उघडा. वर्डमध्ये इन्सर्ट + स्पेस दाबून ब्राउझ मोड चालू करा; त्यात कळा टाइप होत नाहीत, हेडिंग, तक्ते, चित्रं यांवर नेतात.
३. एच दाबत राहा. सगळी शीर्षकं क्रमाने आली का?
४. इन्सर्ट + एफ७ दाबा. दुव्यांच्या यादीतली नावं एकटी वाचून कळतात का?
५. टी दाबून तक्त्यावर जा, कंट्रोल + आल्ट आणि बाणांनी आत फिरा. जी दाबून चित्रांवर जा.
६. इन्सर्ट + खालचा बाण दाबून दोन पानं सलग ऐका. कंट्रोल दाबलं की आवाज थांबतो, इन्सर्ट + क्यू ने एनव्हीडीए बंद होतो.

बोलण्याचा वेग झेपत नसेल तर एनव्हीडीएच्या टूल्समधलं स्पीच व्ह्यूअर चालू करा. जे बोललं जातं ते खिडकीत लिहून येतं. याशिवाय पीडीएफ ४०० टक्के मोठी करून ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल + ४ दाबा. टॅग नीट असतील तर मजकूर एका स्तंभात घडी होऊन येतो आणि आडवं सरकवावं लागत नाही. फॉर्म असेल तर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने भरून पाहा. कर्सर नावावरून थेट सहीवर उडी मारत असेल तर टॅबचा क्रम दुरुस्त करा.

दस्तऐवज पाठवताना किंवा चढवताना वर्ड फाईलही सोबत ठेवा, आणि ‘हा दस्तऐवज वाचताना अडचण आली तर कळवा’ अशी एक ओळ संपर्कासह मुख्य मजकुरातच द्या. कुणी कळवलं तर दुरुस्ती मूळ फाईलमध्ये करून पीडीएफ पुन्हा काढा.